टूलचं वर्णन लिहायचं म्हणजे बांध आखायचा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. घाऊक स्टेशनरीच्या दुकानासाठी तुम्ही एक एजंट, म्हणजे एआय मॉडेलच्या जोरावर ग्राहकांना उत्तरं देणारा प्रोग्राम, बनवला आहे आणि त्याला बारा टूलं दिली आहेत, म्हणजे माहिती आणायला किंवा काम करायला तो बोलावू शकेल अशी बारा फंक्शनं. प्रत्येक टूलला एका ओळीचं वर्णन आहे. ‘माझी ऑर्डर कुठवर आली?’ असं ग्राहकाने विचारलं की एजंट कधी ‘गेट_ऑर्डर_स्टेटस’ कॉल करतो, कधी ‘गेट_ऑर्डर_इन्फो’. ऑर्डर नंबर माहीत नसला तर कधी मनानेच एखादा नंबर घालून मोकळा होतो. एजंटमागचं एआय मॉडेल बदलून पाहिलं तरी फरक पडला नाही. आणि शेवटी, वर्णनं मराठीत लिहायची की इंग्रजीत, हेही तुम्हाला जाणून घ्यायचं आहे.

मॉडेल बदलून फरक पडला नाही, ही तुम्ही दिलेली सगळ्यात उपयोगी माहिती आहे. दोन वेगळे लोक एकाच जागी ठेचकाळले तर आपण रस्ता बघतो. तुमची दोन्ही वर्णनं मी वाचली: ‘ऑर्डरची माहिती आणतं’ आणि ‘ऑर्डरची स्थिती आणतं’. दोन्ही खरी आहेत, यात वाद नाही. पण ऑर्डरची स्थिती ही ऑर्डरची माहितीच असते. मग मॉडेलने कोणतं निवडायचं? त्याला ठरवता येईल असं तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. शेतकऱ्यांची भांडणं शेताच्या मधोमध होत नाहीत, बांधावर होतात. टूलांचंही तसंच आहे. टूल काय करतं हे बहुतेक जण बरोबर लिहितात. शेजारचं टूल कुठे सुरू होतं, ते राहून जातं.

मॉडेलला नेमकं काय दिसतं हे एकदा डोळ्यांसमोर आणा, पुढचं सगळं सोपं होतं. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने जून 2023 मध्ये फंक्शन कॉलिंग, म्हणजे मॉडेलने टूल बोलावण्याची सोय, आणलं. पुढे अँथ्रॉपिक कंपनीच्या क्लॉड या मॉडेलमध्ये टूल वापरण्याची सोय आली, नोव्हेंबर 2024 मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल (एमसीपी), म्हणजे मॉडेलला बाहेरची टूलं जोडण्याची ठरावीक पद्धत, जाहीर झाला. पण ढाचा साधारण तोच राहिला: टूलचं नाव, वर्णन, आणि कोणते पॅरामीटर (टूलला लागणारी माहिती, जसं ऑर्डर नंबर किंवा तारीख) द्यायचे ते ठरावीक साच्यात सांगणारी जेसन स्कीमा. बस्स, एवढंच. तुमचा कोड त्याला दिसत नाही. डेटाबेसमधलं टेबल दिसत नाही, कोडमध्ये तुम्ही लिहून ठेवलेल्या सूचना दिसत नाहीत, आणि ‘इन्फो’मध्ये बिलाची रक्कम असते पण ट्रान्सपोर्टची पावती नसते हे तुमच्या दुकानातल्या प्रत्येकाला ठाऊक असलं तरी त्याला ठाऊक नसतं. माणूस अडला की शेजारच्या टेबलावर जाऊन विचारतो. मॉडेलला ते टेबलच नाही.

माझ्या कामातलं उदाहरण देतो, कारण वर्णन कसं लिहायचं हे मी तिथेच शिकलो. नाशिक जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीसाठी आम्ही शेतमालाचे भाव सांगणारा एजंट बनवत होतो. दरांसाठी दोन टूलं होती. एक बाजार समित्यांमधले लिलावाचे दर आणायचं, दुसरं कंपनी स्वतः ज्या दराने माल घेते तो दर आणायचं. पहिल्याचं वर्णन होतं ‘शेतमालाचे दर आणतं’, दुसऱ्याचं ‘कंपनीचा दर आणतं’. शेतकरी विचारायचे, ‘आज कांद्याला काय भाव?’ एजंट कधी हे टूल घ्यायचा, कधी ते. चाचणीला बसलेला एक शेतकरी म्हणाला, ‘सकाळी एक सांगतो, दुपारी एक सांगतो, याच्यावर गाडी भरायची कशी?’ त्याचं बरोबर होतं.

मी वर्णन सुधारायला बसलो आणि पहिल्याच वाक्याला अडलो. ‘लासलगावला काय निघाला?’ म्हणजे बाजार समिती, हे उघड होतं. ‘तुम्ही काय भावाने घेता?’ म्हणजे कंपनी, हेही उघड. पण नुसतं ‘काय भाव?’ विचारलं तर? याचं उत्तर मला देता येईना, कारण ते कुणीच ठरवलेलं नव्हतं. कंपनीच्या व्यवस्थापकांना फोन केला. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, दोन्ही सांगा, पण आधी मार्केटचा सांगा, नाहीतर लोकांना वाटेल आम्ही लपवतोय. हा धंद्याचा निर्णय होता. तो न घेता आम्ही मॉडेलकडून अपेक्षा करत होतो की त्याने तो दर वेळी बरोबर घ्यावा. तेव्हापासून माझा अनुभव असा आहे की वर्णनाचं वाक्य जुळत नसेल तर बहुधा अडचण भाषेची नसते. मागे कुठेतरी एखादी गोष्ट ठरायची राहिलेली असते. तुमच्या बाबतीतही हे तपासा. ‘इन्फो’ आणि ‘स्टेटस’ ही दोन टूलं वेगळी का आहेत, हे तुम्हाला एका वाक्यात सांगता येतं का? येत नसेल तर वर्णन लिहू नका, आधी टूलं एक करा.

आमचं सुधारलेलं वर्णन साधारण असं झालं:

‘बाजार समितीत दिलेल्या दिवशी झालेल्या लिलावाचे कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण दर देतं, सोबत आवक देतं. दर कोणत्या परिमाणाचा आहे हे उत्तरातच असतं: कांदा, टोमॅटो यांना बहुधा क्विंटल, पालेभाज्यांना बऱ्याचदा नग. शेतकऱ्याने बाजार समितीचं नाव घेतलं किंवा मार्केटला काय निघाला असं विचारलं तर हे वापरावं. कंपनी स्वतः किती दराने माल घेते हे इथे मिळत नाही, त्यासाठी कंपनी_खरेदी_दर वापरावं. नुसतं काय भाव असं विचारलं तर दोन्ही टूलं वापरून आधी बाजार समितीचा दर सांगावा. पुढच्या दिवसांचा अंदाज या टूलमधून मिळत नाही. यादी रिकामी आली तर त्या दिवशी लिलाव बंद होता किंवा आकडे अजून आलेले नाहीत, दर शून्य होता असं समजू नये.’

यातली जवळजवळ निम्मी वाक्यं टूल काय करत नाही ते सांगतात. मुद्दाम तसं केलं आहे. शेवटचं वाक्य तर एका चुकीतूनच आलं. एका सुट्टीच्या दिवशी टूलने रिकामी यादी परत दिली आणि एजंटने शांतपणे सांगितलं की आज कांद्याला भाव मिळाला नाही. कांदा पिकवणाऱ्या माणसाला हे वाक्य ऐकून काय वाटेल ते सांगायला नको. रिकामं उत्तर, अर्धवट उत्तर आणि एरर, या तिन्हींचा अर्थ काय हे लिहिल्याशिवाय मी आता कोणतंही वर्णन पूर्ण धरत नाही.

अँथ्रॉपिकच्या मार्गदर्शनात प्रत्येक टूलसाठी निदान तीन-चार वाक्यं लिहा असं म्हटलं आहे. मला ते पटतं, पण वाक्यं मोजत बसू नका. ज्या टूलला शेजारी नाही त्याला दोन वाक्यं पुरतात. ज्याला तीन बाजूंनी बांध आहेत त्याला आठ लागतील.

आता पॅरामीटर. तुमचा एजंट ऑर्डर नंबर मनाने घालतो, त्याचं कारण मला तुमच्या स्कीमात दिसतं. ऑर्डर नंबर सक्तीचा आहे, त्याचं वर्णन ‘ऑर्डर नंबर’ एवढंच आहे, आणि नंबर माहीत नसेल तर तो कुठून मिळवायचा याची वाट कुठेच दाखवलेली नाही. सक्तीचा रकाना समोर आहे आणि भरायला काही नाही, मग मॉडेल काहीतरी भरतं. त्याला वाट द्या. लिहा की नंबर ग्राहकाने स्वतः दिलेला किंवा ऑर्डर शोधणाऱ्या ‘सर्च_ऑर्डर्स’ टूलमधून आलेलाच असावा, नसेल तर आधी मोबाइल नंबरवरून शोधावं, तोही नसेल तर ग्राहकाला विचारावं. नंबरचा नमुनाही द्या, म्हणजे बिल नंबर आणि ऑर्डर नंबर यांची गल्लत होणार नाही. एवढं करूनही कधीतरी मनाचा नंबर येईलच, म्हणून तुमच्या कोडने तो नंबर त्याच ग्राहकाचा आहे का हे तपासलं पाहिजे. दुसऱ्याच ग्राहकाचं बिल दाखवलं जाणं ही चूक वर्णनाच्या भरवशावर सोडण्यासारखी नाही.

तारखांबद्दल आपल्या भाषेची एक खास अडचण आहे. ‘परवा’ हा शब्द घ्या. परवा आलो आणि परवा येतो, दोन्ही बरोबर. क्रियापद नसलेला छोटा मेसेज असेल, ‘परवा लासलगाव कांदा’, तर माणसालाही प्रसंग बघूनच अर्थ लावावा लागतो. आमच्या दर आणणाऱ्या टूलमध्ये तारखेच्या वर्णनात लिहिलं: ‘आजची किंवा मागची तारीख. परवा म्हणजे दोन दिवसांपूर्वी.’ गाडी ठरवणाऱ्या टूलमध्ये नेमकं उलटं लिहिलं. सोबत तारखेचा साचा सांगितला: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे 2025-03-04. कारण 04/03 आपल्याकडे चार मार्च असतो आणि अमेरिकन पद्धतीत तीन एप्रिल. आणि आजची तारीख सिस्टिम प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे मॉडेलला सुरुवातीलाच दिलेल्या सूचनांत, द्यायला विसरू नका. आज काय तारीख आहे हे मॉडेलला आपोआप कळत नाही. वर्णन कितीही नेमकं असलं तरी आजचा दिवसच माहीत नसेल तर ‘परवा’ कुठून मोजणार?

नावांचंही असंच. पणन मंडळाच्या तक्त्यात लासलगाव, लासलगाव - निफाड आणि लासलगाव - विंचूर अशा वेगळ्या नोंदी असतात. शेतकरी मात्र ‘लासलगाव’ एवढंच म्हणतो. जिल्ह्यांची नावं बदलली: उस्मानाबादचं धाराशिव झालं, अहमदनगरचं अहिल्यानगर. लोक दोन्ही बोलतात, जुन्या डेटात जुनं असतं. सुरुवातीला मी हे सगळं वर्णनात लिहीत गेलो आणि वर्णन पानभर झालं. ती माझी चूक होती. मोजकेच पर्याय असतील, दहा-वीस, तर स्कीमात ठरलेली यादी द्या, मग मॉडेल सहसा बाहेरचं काही घालत नाही. पर्याय शेकडो असतील तर नाव शोधणारं छोटं टूल द्या किंवा जुनं-नवं नाव जुळवण्याचं काम कोडमध्ये करा. वर्णनात फक्त एवढं राहू दे की गावाचं नाव शेतकऱ्याने म्हटलं तसंच पाठवावं.

हे मी जरा जोर देऊन सांगतो, कारण वर्णन लिहिण्याची गोडी लागली की प्रत्येक दुखण्यावर तेच औषध वाटायला लागतं. अँथ्रॉपिकच्या अभियंत्यांनी डिसेंबर 2024 मध्ये एजंटांबद्दल लिहिताना एक अनुभव सांगितला होता. कोड दुरुस्त करणारा त्यांचा एजंट मूळ फोल्डरमधून बाहेर पडला की फाइलचे अर्धवट पत्ते देऊन चुकायचा. त्यांनी टूलच बदललं आणि पूर्ण पत्ता सक्तीचा केला, चुका थांबल्या. जपानी कारखान्यांत याला पोका-योके म्हणतात: चूक करता येणारच नाही अशी रचना करायची. एखाद्या पॅरामीटरमध्ये ‘हे करू नये’ असं तुम्ही तिसऱ्यांदा लिहीत असाल, तर तो पॅरामीटरच बदलून बघा.

पण उलटी गोष्टही खरी आहे, कधी नुसत्या वर्णनाने काम होतं. त्यांच्याच 2025 मधल्या लेखात आहे की वेबवर शोध घेताना क्लॉड गरज नसताना शोधशब्दांना ‘2025’ जोडायचा आणि त्यामुळे निकाल एका बाजूला झुकायचे. त्यांनी टूलचं वर्णन सुधारून ते ताळ्यावर आणलं. म्हणून कोणता उपाय लागेल हे परिस्थितीवर अवलंबून आहे. मी आधी वर्णन बदलून बघतो, कारण ते पाच मिनिटांचं काम आहे. दोनदा बदलूनही तीच चूक दिसली तर टूलची रचना बदलतो.

मोठ्या अक्षरांतल्या ताकिदी टाळा. ‘नेहमी हेच टूल वापरा’, ‘हे अत्यंत महत्त्वाचं आहे’ अशी वाक्यं लिहिली की ते टूल भलत्या वेळीही कॉल व्हायला लागतं, आणि मग शेजारच्या टूललाही तसंच ओरडून लिहावं लागतं. कारण सांगितलं तर आवाज चढवावा लागत नाही. ‘हे टूल आधी वापरावं, कारण मिळालेला ग्राहक क्रमांक पुढच्या दोन्ही टूलांना लागतो’ हे वाक्य कुठल्याही ताकिदीपेक्षा चांगलं काम करतं, कारण आपण न सांगितलेल्या प्रसंगातही मॉडेल त्या कारणावरून अंदाज बांधू शकतं.

बदल करणारी टूलं, म्हणजे एसएमएस पाठवणारं, ऑर्डर रद्द करणारं, त्यांच्या वर्णनात परिणाम स्पष्ट लिहा: मेसेज लगेच जातो, मागे घेता येत नाही. पण खरा अडसर कोडमध्ये हवा. ऑर्डर रद्द करण्याआधी ग्राहकाची खात्री घेणारी पायरी प्रोग्राममध्येच ठेवा. आणि बाहेरच्या कुणी बनवलेला एमसीपी सर्व्हर जोडणार असाल तर त्याची वर्णनं स्वतः वाचून घ्या. ती तुमच्या मॉडेलसमोर सूचनांसारखीच जातात, आणि त्यांत कुणी भलती सूचना लपवू शकतो.

बारा टूलं जास्त आहेत का? ओपनएआयच्या मार्गदर्शनात एका वेळी वीसपेक्षा कमी ठेवा अशी ढोबळ सूचना आहे, त्यामुळे आकड्याची काळजी करू नका. बारा टूलं एकमेकांपासून दूर असतील तर चालून जातं, चारच असली आणि चारही एकाच विहिरीवर पाणी भरत असतील तर त्रास होतो.

भाषेचा प्रश्न. आजची मोठी मॉडेलं दोन्ही भाषा समजतात, त्यामुळे मराठीत लिहिलंत तर काही बिघडत नाही. पण वर्णनं दर विनंतीसोबत जातात आणि देवनागरी मजकुराला सहसा इंग्रजीपेक्षा जास्त टोकन (मॉडेल मजकुराचे करतं ते तुकडे, ज्यांवर पैसे मोजले जातात) लागतात, म्हणजे खर्च वाढतो. मी स्वतः सांगाडा इंग्रजीत लिहितो आणि ग्राहकांच्या तोंडचे शब्द देवनागरीत तसेच ठेवतो: ‘आवक’, ‘मोड’, ‘उधारी’, ‘पावती’, ‘माल निघाला का’. या शब्दांचं भाषांतर करू नका. ‘माल निघाला का’ म्हणजे गोदामातून गाडी सुटली का, हे तुमच्या धंद्यातलं ज्ञान आहे आणि ते वर्णनात असायलाच हवं. तुमच्याकडे वर्णनं सांभाळणारी व्यक्ती इंग्रजीत अडखळत असेल तर मात्र बिनधास्त मराठीत लिहा. जे वर्णन कुणी आत्मविश्वासाने दुरुस्त करू शकत नाही, ते सहा महिन्यांत जुनं पडतं.

हे सगळं जमलं की नाही हे कसं ओळखायचं? तुमच्या ग्राहकांचे खरे मेसेज घ्या, तीस-चाळीस पुरेत. प्रत्येकापुढे कोणतं टूल यायला हवं ते हाताने लिहा. त्यात टूल लागूच नये असे प्रश्नही असू द्या, ‘दुकान किती वाजता उघडतं?’ सारखे. मग एका वेळी एकच वर्णन बदला आणि सगळे मेसेज पुन्हा चालवा, कारण एक बांध सरकवला की शेजारचं शेत कमी होतं. काही मेसेज बाजूला ठेवून द्या, वर्णन लिहिताना त्यांच्याकडे बघू नका. नाहीतर परीक्षेतलेच प्रश्न वर्णनात उतरतात, आणि नवा प्रश्न आला की एजंट पुन्हा तिथेच. चुकलेले संवाद मात्र आकड्यांवर न सोडता पूर्ण वाचा. कोणत्या शब्दावर गाडी वळली ते वाचतानाच कळतं.

आता तुमची दोन टूलं. तुम्ही दिलेल्या कोडवरून ‘इन्फो’ बिलाच्या टेबलातून वाचतं आणि ‘स्टेटस’ ट्रान्सपोर्टच्या टेबलातून. म्हणजे ती वेगळी असायला कारण आहे, फक्त नावं ते कारण सांगत नाहीत. पहिल्याचं नाव ‘गेट_ऑर्डर_बिल’ करा, दुसऱ्याचं ‘ट्रॅक_डिलिव्हरी’. नावं बदलल्यावर निम्मी गल्लत तिथेच संपेल असं मला वाटतं. मग वर्णनं अशी लिहून बघा:

‘गेट_ऑर्डर_बिल: ऑर्डरमध्ये कोणता माल, किती नग, काय दराने घेतला, जीएसटी, एकूण रक्कम आणि बाकी उधारी देतं. माल आत्ता कुठे आहे हे यात नसतं, त्यासाठी ट्रॅक_डिलिव्हरी वापरावं. ऑर्डर नंबर ग्राहकाने दिलेला किंवा सर्च_ऑर्डर्समधून आलेला असावा.’

‘ट्रॅक_डिलिव्हरी: माल गोदामातून निघाला का, कोणत्या ट्रान्सपोर्टने गेला, पावती नंबर काय आणि कधी पोचेल ते देतं. माल निघाला का, कुठवर आला, कधी मिळेल, अशा प्रश्नांसाठी वापरावं. बिल, दर किंवा उधारी यात नसते, त्यासाठी गेट_ऑर्डर_बिल वापरावं. पावती नंबर रिकामा असेल तर माल अजून गोदामातच आहे, हरवला असा अर्थ घेऊ नये.’

शेवटचं वाक्य मी अंदाजाने लिहिलं आहे. पावती नंबर रिकामा असण्याचं तुमच्याकडे दुसरंही कारण असू शकतं, उदाहरणार्थ ग्राहक स्वतः येऊन माल घेऊन गेला. गोदामात जो माणूस पावत्या चढवतो त्याला आधी विचारा, आणि तो जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत तिथे लिहा.